थाई व्हेज करी, पूर्ण व्हीगन: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

थाई करीत दूध, लोणी, तूप, साय यांतलं काहीही मुळातच नसतं. तिचा सगळा स्निग्धपणा नारळाच्या दुधातून येतो. त्यामुळे मांस-मासळीच्या जागी भाज्या आणि तोफू घेतले की व्हीगन करीच्या वाटेत फक्त दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे करीच्या पेस्टमध्ये वाटलेली ‘कापि’, जवळ्यासारखी बारीक कोळंबी मीठ लावून आंबवलेली. दुसरी ‘नाम प्ला’, म्हणजे मिठाऐवजी घातला जाणारा फिश सॉस.

बऱ्याच पाककृती या दोन्ही गोष्टी नुसत्या वगळतात आणि पुढे जातात. मग ताटात येतं ते गोडसर, दुधाळ, जिभेवर न टिकणारं कालवण, आणि खाणारा म्हणतो की व्हीगन करीत काही दम नाही. दोष भाज्यांचा नसतो. जे काढलं त्याच्या जागी काही घातलेलं नसतं, आणि बहुतेक वेळा पेस्ट कच्ची राहिलेली असते. या दोन जागा सांभाळल्या की बाकीची करी अगदी सोपी आहे. म्हणून या लेखात त्या दोन ठिकाणी मी रेंगाळणार आहे, बाकी भराभर सांगणार आहे.

आपण हिरवी करी करू. थाई भाषेत तिला ‘गेंग खिआव वान’ म्हणतात. लाल करीची रीतही हीच, फक्त ताज्या हिरव्या मिरच्यांऐवजी भिजवलेल्या सुक्या लाल मिरच्या येतात.

खारटपणा आणि खोली कुठून आणायची

थायलंडमध्ये मांसमासळीशिवाय स्वयंपाक करण्याची स्वतःची परंपरा आहे. तिला ‘जे’ म्हणतात. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस अनेक थाई लोक हा आहार पाळतात, आणि फुकेतमधला त्या दिवसांतला उत्सव प्रसिद्ध आहे. जे जेवणात मांस, मासे, अंडी, दूध यांतलं काही नसतंच, शिवाय लसूण-कांद्यासारख्या उग्र वासाच्या वस्तूही वर्ज्य असतात. ‘मांगसाविरात’ हा थाई शब्द मात्र नुसत्या शाकाहारासाठी आहे, त्यात अंडी आणि दूध चालू शकतं. थायलंडहून आलेल्या पाकिटावर पिवळ्यावर लाल अक्षरांतलं, इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं दिसणारं चिन्ह असेल, तर ते जे खाद्य आहे असं समजा.

उत्तर थायलंडमध्ये आंबवलेल्या सोयाबीनच्या वाळवलेल्या चकत्या मिळतात, ‘तुआ नाव’ नावाच्या. तिकडच्या स्वयंपाकात त्या कापिसारखंच काम करतात. म्हणजे कोळंबीच्या जागी आंबवलेलं सोयाबीन घालणं ही काही आजची तडजोड नाही. या चकत्या हाती लागणं कठीण असतं, पण ‘ताओ जिआओ’ ही आंबवलेल्या सोयाबीनची थाई पेस्ट किंवा जपानी मिसो आशियाई किराणा ठेवणाऱ्या दुकानात मिळतात. पेस्ट वाटताना शेवटी यांपैकी एकाचा एक मोठा चमचा घातला की कापिची जागा भरून निघते. मिसो घेताना लेबल वाचा, काही प्रकारांत माशांचा अर्क मिसळलेला असतो.

फिश सॉसच्या जागी लाइट सोया सॉस घ्या. डार्क सोया नको, त्याने हिरव्या करीचा रंग मातकट होतो. आणि सोयाच्या जोडीला एक पाणी करून ठेवा: चार सुके शिताके मशरूम आणि बोटभर लांबीचा कोंबू, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, २५० मि.ली. गरम पाण्यात अर्धा तास भिजत घाला. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबूतून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. सुक्या शिताकेमध्ये ग्वानिलेट हा दुसरा घटक असतो. हे दोन्ही एकत्र आले की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कितीतरी अधिक गडद लागते. फिश सॉसमधून येणारी खोली या पाण्यातून बरीचशी येते. कोंबू मिळाला नाही तर नुसत्या शिताकेचं पाणीही चालेल. भिजलेले मशरूम टाकू नका, देठ काढून चिरून करीतच घाला.

पेस्ट

तयार पेस्ट घ्यायला काहीच हरकत नाही. पहिल्या वेळी मी तर तीच घ्या म्हणेन, म्हणजे परतण्याकडे पूर्ण लक्ष देता येतं. मात्र घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा. श्रिम्प, क्रिल, फिश हे शब्द यादीच्या शेवटी दडलेले असतात, आणि पाकिटावर भाज्यांचं चित्र असलं तरी आत कोळंबी असू शकते. तयार पेस्ट चांगलीच खारट असते, त्यामुळे सोया सॉस घालताना हात आखडता ठेवा.

घरी वाटायची असेल तर पुढचं प्रमाण घ्या. चार जणांच्या करीला लागते त्याच्या साधारण दुप्पट पेस्ट होईल.

मध्यम तिखट हिरव्या मिरच्या १०, गवती चहाच्या कांड्या २, गलंगल दोन पेरं, मकरूट लाइमची किसलेली साल १ छोटा चमचा, कोथिंबिरीची मुळं किंवा मुळाजवळचे जाड देठ ५-६, लसूण ६ पाकळ्या, सांबार कांद्याच्या आकाराचे छोटे कांदे ४, धणे १ छोटा चमचा, जिरे अर्धा, पांढरी मिरी अर्धा, मीठ अर्धा. आणि वर सांगितलेली सोयाबीन पेस्ट किंवा मिसो १ मोठा चमचा.

गवती चहाची हिरवी पात इथे उपयोगाची नाही. ती चिवट असते, कितीही वाटली तरी तोंडात धागे येतात. कांडीची बाहेरची दोन-तीन वाळकी आवरणं सोलून काढा, बुडाचा टणक गड्डा कापा आणि तिथून अगदी पातळ चकत्या करत वर या. चकतीच्या आत जांभळट कडी दिसतात. त्या दिसेनाशा झाल्या की थांबा. तेवढाच भाग कोवळा असतो. उरलेली पात करी शिजताना गाठ मारून भांड्यात टाका आणि वाढताना काढून घ्या.

गलंगल आल्याच्या कुळातलं असलं तरी त्याची चव आल्याची नाही. त्यात चीडाच्या लाकडासारखा गंध आणि थोडी मिऱ्याची झणझण असते. मिळालं नाही तर निम्म्या प्रमाणात आलं घ्या, करी चांगलीच होईल, पण थोडी वेगळी होईल. मकरूट लाइम काही दुकानांत काफिर लाइम या जुन्या नावाने मिळतं. त्याचं फळ दुर्मीळ असतं, पानं गोठवलेली तरी मिळतात. फळ नसेल तर साध्या हिरव्या लिंबाची साल किसून घ्या, फक्त वरचा हिरवा भाग, खालचा पांढरा कडू असतो.

धणे-जिरे कोरडेच मंद आचेवर भाजा, वास सुटला की उतरवा. खलबत्त्यात वाटणार असाल तर कडक ते मऊ हा क्रम पाळा: आधी धणे-जिरे-मिरी, मग मिठासकट गवती चहा आणि गलंगल, मग साल आणि कोथिंबिरीची मुळं, मग मिरच्या, आणि ओलसर लसूण-कांदा सर्वांत शेवटी. कांदा आधी घातला तर पाणी सुटतं आणि गवती चहा बत्त्याखालून निसटत राहतो. मीठ लवकर घालायचं कारण त्याचे खडे घासायला मदत करतात.

मिक्सरमध्ये वाटायला काहीच कमीपणा नाही. फक्त पाणी जितकं कमी तितकं बरं, कारण घातलेलं पाणी पुढे परतून उडवावंच लागतं. पातं अडलं तर चमचाभर नारळाचं दूध घाला. रंग अधिक हिरवा हवा असेल तर मूठभर कोथिंबिरीची पानं सोबत वाटा.

नारळाचं दूध

इथे काटकसर करू नका. ‘लाइट’ लिहिलेलं दूध म्हणजे मुख्यतः पाणी, त्यातून तेल सुटणार नाही. ४०० मि.ली.चा साधा डबा घ्या, ज्याच्या घटकांत नारळ आणि पाणी यांपलीकडे फारसं काही नाही असा. आणि डबा हलवू नका! काही तास फ्रिजमध्ये उभा ठेवला की वर घट्ट थर जमतो आणि खाली पातळ पाणी राहतं. आपल्याला हे दोन्ही वेगवेगळे हवे आहेत.

ताज्या नारळातून काढणार असाल तर एका नारळाचा चव कपभर कोमट पाण्यात कुस्करून पिळा, हे पहिलं घट्ट दूध. तोच चोथा पुन्हा दीड कप पाण्यात पिळा, हे दुसरं पातळ दूध. ताज्या दुधाला जो वास असतो तो डब्यात येत नाही. वेळ असेल तेव्हा एकदा तरी असं करून बघा.

भाज्या आणि तोफू

सगळ्या मिळून अर्धा किलोच्या आसपास भाज्या पुरतात. थायलंडमध्ये या करीत लिंबाएवढी हिरवी गोल वांगी आणि मटाराएवढी इवलीशी कडवट वांगी हमखास असतात. ती मिळाली तर उत्तम. नाहीतर कोणतीही कोवळी वांगी, लाल भोपळा, बेबी कॉर्न, बांबूचे कोंब, फरसबी, मशरूम, शिमला मिरची यांतल्या चार निवडा. चारपेक्षा जास्त नकोत, गर्दी झाली की एकीचीही चव कळत नाही. भोपळा मात्र जरूर घ्या. तिखट रश्श्यात त्याचा गोडवा फार सुरेख लागतो. वांगी चिरल्याबरोबर मिठाच्या पाण्यात टाका, काळी पडत नाहीत.

तोफू २०० ग्रॅम, घट्ट प्रकारचा. फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवून वीस मिनिटं पाणी निथळू द्या. मग चौकोनी तुकडे करून थोड्या तेलात चिमूटभर मीठ घालून दोन बाजूंनी सोनेरी करा आणि बाजूला ठेवा. कच्चा तोफू रश्श्यात सोडला तर तो ना चव घेतो, ना आकार टिकवतो.

पेस्ट परतणं

सगळं चिरून, मोजून हाताशी ठेवलं की मगच गॅस पेटवा. एकदा पेस्ट पडली की मागे वळायला वेळ नाही.

रुंद, जाड बुडाच्या भांड्यात नारळाच्या दुधाचा वरचा घट्ट थर, साधारण अर्धा कप, एकटाच घ्या. मध्यम आचेवर ठेवून ढवळत राहा. पहिली दोन-तीन मिनिटं ते साध्या दुधासारखं उकळतं, बुडबुडे बारीक आणि फेसाळ असतात. मग पाणी उडत जातं तसे बुडबुडे मोठे आणि जड होतात, आवाज बदलतो, उकळण्याची बुडबुड जाऊन तळण्याची चरचर ऐकू येते. कडेला बघा: पांढऱ्या साईतून पारदर्शक तेलाचे थेंब वेगळे झालेले दिसतील. दूध फाटलं म्हणून घाबरू नका. ते फाटायलाच हवं आहे. नारळाच्या दुधात तेलाचे सूक्ष्म थेंब प्रथिनांच्या आधाराने पाण्यात तरंगत असतात. उष्णतेने ती प्रथिनं ढासळतात, पाणी कमी होतं आणि तेल मोकळं होतं.

पाच-सात मिनिटांत असं झालं नाही तर दुधात ते फुटू नये म्हणून घातलेला इमल्सिफायर किंवा डिंक असणार. वाट बघत बसू नका, मोठा चमचाभर वास नसलेलं तेल घाला आणि पुढे जा.

आता निम्मी घरची पेस्ट, म्हणजे साधारण चार मोठे चमचे, त्या तेलात घाला. तयार पेस्ट असेल तर दोन ते अडीच चमचे. आच मध्यमच ठेवा आणि उलथन्याने भांड्याच्या बुडावर पसरत, गोळा करत, पुन्हा पसरत परता. सुरुवातीला नाकात झोंबणारा कच्चा लसूण आणि हिरव्या मिरचीचा वास येईल. चार-पाच मिनिटांनी तो वास गोल होतो, गवती चहा आणि धणे पुढे येतात, पेस्टचा रंग एक छटा गडद होतो आणि भोवती हिरवट तेल सुटतं. मसाला तेल सोडेपर्यंत परतायचा हे इथेही शब्दशः खरं आहे. खाली लागतंय असं वाटलं तर चमचाभर नारळाचं दूध घालून खरवडा, पाणी घालू नका.

गवती चहा, गलंगल, मकरूट या सगळ्यांचे सुगंध तेलात विरघळणारे आहेत, पाण्यात फारसे नाहीत. पेस्ट सरळ उकळत्या दुधात ढवळली तर ते वाटणाच्या चोथ्यातच अडकून राहतात. तेलात परतली तर तेल ते उचलतं आणि रश्श्यात सगळीकडे पसरवतं. घाई असेल तेव्हा भाज्या कमी करा, भात कालचा घ्या, पण ही चार-पाच मिनिटं कापू नका.

पुढचं सगळं भराभर

सोया सॉस एक मोठा चमचा आणि किसलेली ताडसाखर एक छोटा चमचा परतलेल्या पेस्टमध्येच घाला. ताडसाखर नसेल तर गूळ घ्या. अर्धा मिनिट परता. मग उरलेलं नारळाचं दूध आणि शिताके-कोंबूचं पाणी, कोंबू काढून टाकून, ओता. मकरूटची चार-पाच पानं मधली शीर काढून हाताने फाडून टाका, गवती चहाच्या पातीची गाठही टाका.

उकळी आली की भाज्या कठीण ते मऊ या क्रमाने घाला. भोपळा आधी. पाच मिनिटांनी वांगी, बेबी कॉर्न, फरसबी आणि चिरलेले शिताके. अजून पाच मिनिटांनी शिमला मिरची आणि तोफू. झाकण ठेवू नका आणि रस्सा खळाखळा उकळू देऊ नका, हलके बुडबुडे येत राहावेत इतपत आच पुरे. भोपळ्यात सुरी सहज शिरली पण तुकडा मोडला नाही, म्हणजे झालं.

थाई करी आमटीइतकी पातळ असते, ती भातात मुरायची असते. दाट करायला कॉर्नफ्लोअर घालू नका. फारच पातळ वाटली तर दोन-तीन मिनिटं अधिक शिजवा.

गॅस बंद केल्यावर मूठभर थाई बेसिलची पानं घालून एकदाच ढवळा. ही पवित्र तुळस नव्हे. तुळशीला थाईमध्ये ‘क्राप्राव’ म्हणतात आणि ती परतलेल्या तिखट पदार्थांत वापरतात. करीत घालतात ती ‘होरापा’: जांभळट देठ, बडीशेपेसारखा गोड वास, ज्याचं बी सब्जा म्हणून ओळखलं जातं त्याच वनस्पतीचा एक प्रकार. ती मिळाली नाही तर साधा गोडा बेसिल चालतो.

चव जुळवणं

आता चाखा, भाताच्या घासाबरोबर. नुसता रस्सा चाखला तर तो नेहमी थोडा जास्त खारट वाटतो आणि आपण मीठ कमी ठेवतो. भाताबरोबर मात्र तोच सपक लागतो.

चव बसकी वाटली तर आधी मीठ किंवा सोया वाढवा, गोड नंतर. दहातल्या नऊ वेळा खारटच कमी असतं. तिखट जास्त झालं तर पाण्याऐवजी नारळाचं दूध घाला, पाण्याने फक्त चव विरते. कडवटपणा असेल तर चिमूटभर गूळ. बऱ्याच पाककृतींत शेवटी लिंबू पिळायला सांगतात. मी तसं करत नाही. हिरव्या करीचा पाया खारट, तिखट आणि किंचित गोड असा आहे, आणि लिंबाची आठवण मकरूटची पानं पुरेशी करून देतात. आंबट आवडत असेल त्याने आपल्या ताटात फोड पिळावी.

सोबत जास्मिन भात. तांदूळ दोन-तीनदा धुऊन एक वाटीला सव्वा वाटी पाणी, पाणी आटल्यावर आच बंद करून झाकणातच दहा मिनिटं मुरू द्यायचा. थायलंडमध्ये हीच करी ‘खनोम जीन’ या तांदळाच्या मऊ शेवयांवर ओतूनही खातात. पातळ राइस नूडल्स उकळून तशी मांडणी करता येते, आणि उरलेल्या करीसाठी ती भाताहूनही चांगली लागते.

उरलेलं

उरलेली पेस्ट बर्फाच्या ट्रेमध्ये चमच्या-चमच्याने भरून गोठवा. दोन-तीन महिने सहज राहते, आणि पुढची करी अर्ध्या तासात होते. मकरूटची पानं आणि गलंगलच्या चकत्याही फ्रीझरमध्ये उत्तम टिकतात, वाळवल्या तर वास जातो. शिजलेली करी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, नारळाचं दूध उष्णतेत लवकर बिघडतं. तीन दिवसांत संपवा आणि गरम करताना मंद आच ठेवा. बेसिलची पानं तोवर काळी पडलेली असतील, ती काढून नवी घाला.

हिरवी करी हाताला बसली की लाल करीकडे वळा. दहा-बारा सुक्या लाल मिरच्या बिया काढून अर्धा तास भिजवायच्या, घट्ट पिळायच्या, बाकी वाटण तेच. मसामानला मात्र वेगळा दिवस द्या. तिच्यात दालचिनी, वेलची, लवंग, जायफळ भाजून घालायचं असतं, बटाटा आणि शेंगदाणे असतात, आणि तिथे चिंचेचा कोळ खरोखरच लागतो.